भावाला कोणी विचारलं का?

"ताई, मी 31 वर्षांची आहे. चंद्रपूरला एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काम करते. माझ्या सासरी एक छान पद्धत आहे. महिन्यातून एका रविवारी सगळे जमतात, एक सिनेमा बघतात आणि जेवणं होईपर्यंत त्यावर बोलतात. मागच्या वेळी माझ्या भासऱ्यांनी 'गॅटाका' लावला. ते कॉलेजात इतिहास शिकवतात. माझा धाकटा भाऊ त्या दिवशी आमच्याकडे आला होता. तो 24 वर्षांचा आहे आणि त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, 'एसएस', म्हणजे बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेलं. मी वाहक आहे, 'एएस', म्हणजे ते एकाकडूनच आलेलं, मला आजार नाही. माझे मिस्टर 'एए', त्यांच्यात ते जनुक नाहीच. सिनेमा संपल्यावर भासरे म्हणाले, जनुकांना हात लावायला निघालेलं विज्ञान शेवटी इथंच येतं, ही जनुकोपचाराची सगळी भानगड वेळीच थांबवली पाहिजे. मी म्हटलं, मला हा सिनेमा खोटा वाटला. माझ्या भावाच्या रक्तातलं ते एक अक्षर दुरुस्त करणारं कोणी भेटलं तर मी त्याचे पाय धुईन. त्यावर ते म्हणाले, हे तुझं मत नाही, तुझं दुःख आहे, चर्चेत दोन्ही वेगळी ठेवावीत. मग मीही बोलले. रात्रभर हाडं दुखून विव्हळणारं पोर ज्यानं मांडीवर घेतलं नाही, त्यानं सिनेमे बघून आम्हाला नीती शिकवू नये. ताटं तशीच राहिली. दीड महिना झाला, आमचं बोलणं बंद आहे. सासूबाई कष्टी आहेत. माझं चुकलं का? घरात आजार असणाऱ्याला अशा विषयावर मत असूच शकत नाही का? आणि येत्या रविवारी मी जावं का? मला तर असले भविष्याचे सिनेमे बघूच नयेत असं वाटतं. ते माणसाला फक्त भ्यायला शिकवतात."

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग 'गॅटाका' पुन्हा बघितला. पहिल्यांदा बघून बरीच वर्षं झाली होती, आणि तुमच्या पत्रानंतर तो मला वेगळाच दिसला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिनेमा 1997 चा, दिग्दर्शक अँड्र्यू निकोल. त्याचं नावच डीएनएच्या जी, ए, टी, सी या चार अक्षरांतून बनवलेलं आहे. त्या जगात बहुतेक आईबाप प्रयोगशाळेत निवडलेल्या गर्भातून मूल जन्माला घालतात. व्हिन्सेंट हा नायक तसा जन्मलेला नाही. जन्मल्याबरोबर टाचेतून रक्त घेऊन त्याचं भविष्य वाचलं जातं: हृदयविकाराची शक्यता 99 टक्के, आयुष्य 30.2 वर्षं. त्याला अवकाशात जायचं असतं, पण त्याच्या वाट्याला येते झाडलोट. मग तो दुसऱ्या एका माणसाचं रक्त आणि लघवी वापरून, खोटी ओळख घेऊन आत शिरतो. तुम्ही रोज नमुन्यांवर लेबलं लावता, तेव्हा ती अदलाबदल बघताना तुमच्या पोटात काय झालं असेल ते मी समजू शकते.

आता एक गोष्ट आठवून बघा. त्या सिनेमात कोणाचाही आजार बरा होत नाही. व्हिन्सेंटच्या हृदयावर कोणी उपचार करत नाही. ज्याचं रक्त तो वापरतो तो जेरोम, जनुकांच्या हिशेबानं सर्वगुणसंपन्न, पण चाकाच्या खुर्चीत बसलेला आहे, आणि त्यालाही कोणी बरं करत नाही. तिथं फक्त निवड होते. हा गर्भ ठेवायचा, तो नाही. हा माणूस नोकरीला घ्यायचा, तो नाही. तुमच्या भासऱ्यांनी निवडीबद्दलचा सिनेमा बघितला आणि उपचाराविरुद्ध मत दिलं. तुम्ही उपचाराची आस धरली आणि निवडीबद्दलच्या सिनेमाला खोटं म्हणालात. जेवणं राहून जाण्याइतकं भांडण झालं, पण भांडणाचा विषय दोघांचा एक नव्हताच.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, म्हणून जरा थांबून सांगते. सिकलसेलसाठी जनुकसंपादनाचा पहिला उपचार, 'कॅसजेव्ही', नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झाला. तो बिघडलेलं अक्षर दुरुस्त करत नाही. आपण आईच्या पोटात असताना शरीर एक वेगळं हिमोग्लोबिन बनवतं आणि जन्मानंतर ते जवळजवळ बंद करतं. हा उपचार ते बंद करणारं बटण निकामी करतो, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकायच्या थांबतात. रक्तपेशी ज्यांच्यापासून बनतात त्या मूळपेशी रुग्णाच्याच रक्तातून काढायच्या, बाहेर त्यांच्यात हा बदल करायचा आणि परत सोडायच्या. बदल फक्त त्या रक्तपेशींत होतो, पुढच्या पिढीत जात नाही. भासरे ज्याला भितात ते वेगळं. 2018 मध्ये चीनमध्ये 'हे च्यानक्वे' नावाच्या संशोधकानं गर्भावस्थेतच जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं. तो बदल त्यांच्या प्रत्येक पेशीत असू शकतो आणि त्यांच्या मुलांतही उतरू शकतो. जगभरच्या वैज्ञानिकांनी त्याचा निषेध केला आणि 2019 च्या अखेरीस तिथल्याच कोर्टानं त्याला तीन वर्षांची कैद दिली. दोन्हींना 'जनुकांना हात लावणं' हा एकच शब्द वापरला की चर्चा तिथंच संपते.

पण तुमच्या पाय धुण्याच्या वाक्यालाही मला अडवायचं आहे. बदललेल्या पेशी परत सोडण्याआधी रुग्णाची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगज, जबर केमोथेरपीनं रिकामी करावी लागते. त्यात पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. आठवडेच्या आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. अमेरिकेत त्या उपचाराची जाहीर किंमत माणशी 22 लाख डॉलर आहे. तेव्हा तो घ्यावा की नाही, कोणी, कधी, कोणाच्या पैशानं, हा खराखुरा वैद्यकीय वाद आहे. त्यावर रक्तविकारांचे डॉक्टर भांडतात, रुग्णांच्या संघटना भांडतात आणि त्यांनी भांडावं.

तुम्ही सिनेमाला खोटा म्हणालात तिथं मी तुमच्या बाजूची नाही. सिकलसेलचाच इतिहास बघा, आणि तो तुमच्या इतिहासाच्या भासऱ्यांनाही सांगा, कारण त्यांनाही तो बहुधा ठाऊक नसावा. नाहीतर तो त्यांनी त्याच रात्री काढला असता. 1949 मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत आहे, असं पहिल्यांदाच दिसलं. मोठा माणूस, दोन नोबेल मिळवलेला, अणुचाचण्यांविरुद्ध लढलेला. याच पॉलिंग यांनी 1968 मध्ये लिहिलं की सिकलसेलचं जनुक असणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. त्यांना मुलांचे हाल थांबवायचे होते, हेतू वाईट नव्हता. पण कपाळावर गोंदणं! पुढच्या दशकात अमेरिकेत काही राज्यांनी चाचण्या सक्तीच्या केल्या, वाहक आणि रुग्ण यांत गल्लत झाली आणि ज्यांना काहीच आजार नव्हता अशा कृष्णवर्णीयांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांना 1981 पर्यंत बंद होते. उडायची स्वप्नं बघणारा मुलगा, एका रक्तचाचणीवर बाहेर. 'गॅटाका' पडद्यावर यायच्या कितीतरी आधी ते घडून गेलं होतं, आणि तेही तुमच्या रक्तात आहे त्याच जनुकावरून.

आणि आपल्याकडे? नंदुरबारकडे वाहक असल्याचं कळल्यावर मुलीचं जमलेलं लग्न मोडल्याचं मी जवळून पाहिलं आहे. मुलगा वाहक नव्हता, म्हणजे त्यांच्या एकाही मुलाला हा आजार झाला नसता. तुमच्या आणि तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत जे खरं आहे तेच. दोघंही वाहक असते तरी प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची. त्यावर समुपदेशन आहे, तपासणी आहे. पण त्या घरानं एवढं ऐकूनच घेतलं नाही. मुलीच्या हातात सिकलसेल तपासणीचं सरकारी कार्ड होतं, ते तिच्या मदतीसाठी दिलेलं होतं, आणि तेच तिच्या कपाळावरचं गोंदण झालं. तेव्हा हा सिनेमा माणसाला नुसतं भ्यायला शिकवतो असं मी म्हणणार नाही. लेबलाला भ्यायला तो शिकवतो, आणि ती भीती तुमच्याही कामाची आहे.

त्यातलं एक दृश्य मला या वेळी फार लागलं. व्हिन्सेंटचे आईबाप दुसऱ्या मुलासाठी तज्ज्ञाकडे बसले आहेत. पुढ्यात चार निरोगी गर्भ: दोन मुलगे, दोन मुली. तज्ज्ञ म्हणतो, आधी मुलगा की मुलगी ते ठरवू. आईबाप म्हणतात, व्हिन्सेंटला खेळायला भाऊ हवा. झालं. दोन मुली तिथंच गळल्या. त्याआधी गोऱ्या रंगाची मागणीही नोंदवून झालेली असते. सिनेमा त्यावर क्षणभरही रेंगाळत नाही. अमेरिकेतला प्रेक्षक कदाचित पुढे जाईल, पण महाराष्ट्रातल्या माणसानं तिथं रिमोट दाबून थांबलं पाहिजे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या राज्यानं 1988 मध्ये केला, सिनेमाच्या नऊ वर्षं आधी. केंद्राचा कायदा 1994 चा. आणि हा केंद्राचा कायदा गर्भाची प्रत्येक तपासणी बंद करत नाही. हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार तपासायची मुभा त्यात अटींसह आहे, म्हणजे सिकलसेलचीही. आजार बघा, लिंग बघू नका. ज्या रेषेवरून तुम्ही आणि भासरे भांडलात, ती आखायचा एक प्रामाणिक प्रयत्न आपल्याकडे कधीच होऊन गेला आहे. ती पुरेशी पाळली जाते का, हा दुःखाचा विषय आहे. पण 'सगळं थांबवा' आणि 'सगळं येऊ द्या' यांच्यामध्ये जागा आहे, हे त्या कायद्यात लिहिलेलं आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. घरात आजार असणाऱ्याला मत असू शकतं का? असू शकतं, असलंच पाहिजे. 'हे मत नाही, दुःख आहे' हे वाक्य चुकीचं होतं आणि ते तुम्हाला बोचलं यात नवल नाही. दुःखातून माणसाला काही गोष्टी कळतात ज्या बाहेरच्याला कळत नाहीत. थंडीत पाणी कमी प्यायलं की दुखणं उलटतं, दवाखान्यात कळवळणाऱ्या तरुण पोराकडे 'नाटक करतोय' म्हणून बघतात, परीक्षेच्या आठवड्यातच नेमकं दुखणं येतं. हे चर्चेबाहेर ठेवलं तर उरतं काय?

जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपल्या नावाच्या वजनानं परीक्षकांचं पारडं झुकू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मला ही गोष्ट फार आवडते. पण ती कथेच्या स्पर्धेला लागू पडते. तिथं नाव झाकणं हा न्याय आहे. आजाराच्या चर्चेत बोलणाऱ्याचं आयुष्य झाकून नुसतं मत तोलायचं म्हटलं, तर ज्याला काही भोगावं लागत नाही त्याचंच पारडं जड होतं. भासऱ्यांची गल्लत इथं झाली.

तुमची गल्लत दुसऱ्या टोकाची. 'ज्यानं मांडीवर घेतलं नाही त्यानं बोलू नये' म्हणताना तुम्ही त्यांचं तोंड बंद केलंत, जसं त्यांनी तुमचं केलं होतं. ज्यांनी सोसलं तेवढ्यांनीच बोलायचं ठरलं, तर वाहकांना नोकरी नाकारणाऱ्यांविरुद्ध बोलायला परकं कोण येणार? भासरे निदान विचार तरी करत होते. भलत्या गोष्टीला भीत होते, पण माणसांच्या बाजूनं भीत होते.

आणि आता जे मला पत्र वाचताना पहिल्या वेळेलाच खटकलं ते. तुमचा भाऊ त्या खोलीत होता. सिनेमा त्यानंही बघितला. तुम्ही काय म्हणालात ते लिहिलंत, भासरे काय म्हणाले ते लिहिलंत, सासूबाईंना काय वाटतं तेही लिहिलंत. त्याचं एक वाक्य पत्रात नाही. चोवीस वर्षांचा मुलगा आहे तो. त्याच्या रक्तातल्या अक्षराबद्दल दोन मोठी माणसं त्याच्यादेखत भांडली आणि तो काय म्हणतो, हे कोणी विचारलं का? विचारलं असेल आणि लिहायचं राहिलं असेल तर मला माफ करा. पण तुम्ही त्याला 'मांडीवरचं पोर' म्हणालात, त्यावरून मला वाटतं विचारलं नसावं.

इथं मला एक पुस्तक आठवतं, आणि तुम्ही भविष्याच्या गोष्टींशी कायमची फारकत घ्यायच्या आत ते वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. ऑक्टाव्हिया बटलर ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय लेखिका, 2006 मध्ये गेली. तिची 'डॉन', म्हणजे पहाट, ही कादंबरी 1987 ची. अणुयुद्धात पृथ्वी उद्ध्वस्त झाल्यावर परग्रहावरचे जीव उरलेल्या माणसांना वाचवतात आणि झोपवून ठेवतात. लिलिथ ही कृष्णवर्णीय बाई जागी होते तेव्हा तिच्या पोटावर एक व्रण असतो. तिला कॅन्सर होता आणि तो त्यांनी काढून टाकला. जीव वाचवला. तिला विचारलं मात्र नाही. तिच्या मनात त्यांच्याबद्दल कृतज्ञता येते आणि संतापही येतो, आणि बटलर दोन्हींपैकी काहीच पुसत नाही. ते परके जीव दुष्ट नाहीत, प्रेमळ आहेत. त्यांना माणसाच्या जनुकांची मोठी आवड आहे आणि आपण काय करतोय ते त्यांना उत्तम कळतं. त्यांना कळत नाही ते एवढंच, की बरं करण्याआधी विचारायचं असतं.

निकोल यांचा 'गॅटाका'तला प्रश्न आहे, मला स्पर्धेतून बाहेर काढलं तर? तो प्रश्न आजवर आत असलेल्या माणसाला पडतो. बटलर ज्या समाजातली, त्याला दुसराच प्रश्न पडतो, कारण त्याच्या शरीरावर न विचारता हात पडलेले आहेत. 1951 मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या कॅन्सरच्या पेशी तिला न सांगता घेतल्या गेल्या. त्यांच्यावर जगभर संशोधन झालं, पोलिओची लस तपासायला त्या वापरल्या गेल्या, अजूनही प्रयोगशाळांत वाढतात, आणि तिच्या घरच्यांना ते कळायला वीसेक वर्षं गेली. म्हणून मला वाटतं, विज्ञानकथा एकाच प्रकारच्या माणसांच्या वाचून किंवा बघून मत बनवू नये. एकाच विषयावर कोणी कोणता प्रश्न विचारतो, ते तो कुठं उभा आहे त्यावर ठरतं. उद्या गडचिरोलीतल्या एखाद्या माडिया आदिवासी मुलीनं जनुकोपचारावर कथा लिहिली तर तिचा प्रश्न तिसराच असेल, आणि तो वाचायला मी कितीही दूर जाईन.

'डॉन'चं इंग्रजी सोपं आहे, छोटी छोटी वाक्यं आहेत, तुम्हाला जड जाणार नाही. भासऱ्यांनाही द्या. सिनेमे निवडायचं काम दर महिन्याला त्यांच्याकडेच का, हेही एकदा घरात विचारा.

रविवारी जा. पण त्याआधी भावाला फोन करा आणि सिनेमाबद्दल विचारा. आजाराबद्दल लगेच नको. व्हिन्सेंट कसा वाटला, जेरोम कसा वाटला, शेवट पटला का. मला स्वतःला शेवट अर्धाच पटतो. हृदय खरोखर अधू असलेला माणूस ते लपवून यानात बसतो, आणि त्याच्या भरवशावर बाकीचे बसतात. आरोग्याची प्रत्येक अट म्हणजे भेदभाव नसतो. तुमच्या भावाचं याबद्दल काहीतरी मत असणार, कारण स्वतःच्या शरीराला काय झेपतं आणि काय नाही, हे तो लहानपणापासून मोजत आला आहे. त्याला बोलायचं नसेल तर तेही त्याचं उत्तर आहे, ओढून काढू नका.

बोलायला लागला तर मग पुढचं. तो हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतो का? ही गोळी कितीतरी रुग्णांची दुखणी कमी करते आणि 22 लाख डॉलरची नाही. घेत नसेल तर का नाही? कोणी सुचवली नाही, की त्याला नको आहे? रक्तविकारांच्या डॉक्टरांना शेवटचा कधी दाखवला? आणखी एक, हे तुम्हाला लॅबमुळे माहीत असण्याची शक्यता आहे. सख्ख्या भावंडाशी ऊतींचा मेळ बसला तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा आज उपलब्ध असलेला बरा करणारा मार्ग आहे, आणि दाता वाहक असला तरी चालतो. मेळ बसायची शक्यता चारात एक. वय वाढेल तसा धोका वाढतो, जीव जाण्याचाही असतो, म्हणून तो निर्णय डॉक्टरांसमोर बसून, सावकाश घ्यायचा. तुम्ही दाता व्हायला आजच तयार असाल, हे मला तुमच्या पत्रावरून कळतं. तरी आधी त्याला विचारा, आणि तो 'नको' म्हणाला तर त्या 'नको'मागचं कारण ऐकून घ्या.

भासऱ्यांना माफीचं लांबलचक काही लिहू नका. एवढंच कळवा: "दादा, त्या दिवशी आपण दोन वेगळ्या गोष्टींवर भांडलो. पॉलिंगनं 1968 मध्ये काय लिहिलं ते तुम्ही शोधा, तुमच्या कामाचं आहे. रविवारी मी येते. भाऊ येईल की नाही ते त्यानं ठरवायचं. आला तर आधी त्याला बोलू देऊ."